पुढील स्टेशन, प्रत्येकाच्या भाषेत: माइनक्राफ्ट सर्व्हरवरील मजकुराचे भाषांतर कसे करावे

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतील मुलांनी दोन उन्हाळी सुट्ट्यांत माइनक्राफ्टमध्ये मध्य रेल्वेचा धीमा मार्ग उभा केला. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तोच हा मार्ग. रुळांवरून माइनकार्ट धावते आणि एखादे स्टेशन जवळ आले की पडद्यावर त्याचे नाव उमटते. हे नाव दाखवणारे प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी लिहिले. खेळणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या घरी हिंदी किंवा गुजराती, आणि वाचनाची सवय बहुतेकांना इंग्रजीची आहे. प्रत्यक्ष लोकलमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत घोषणा होते आणि सर्वांना ती ऐकावी लागते. सर्व्हरवर मात्र प्रत्येक खेळाडूला फक्त त्याच्या भाषेतील ओळ दाखवता येते. ती कशी दाखवावी आणि मराठी मजकूर लिहिताना कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

येथे माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर आणि त्यातील ॲडव्हेंचर ही मजकुराची लायब्ररी गृहीत धरली आहे. पेपरच्या १.१६.५ पासून ॲडव्हेंचर सर्व्हरमध्येच अंतर्भूत असल्याने ती वेगळी जोडावी लागत नाही. वाचकाला जावामध्ये साधे प्लगइन लिहिता येते, असेही मी धरून चालतो.

वाक्य नव्हे, संकेतनाव पाठवावे

भाषांतराची सोय नसलेल्या प्लगइनमध्ये वाक्ये थेट कोडमध्ये लिहिलेली असतात. पहिले काम म्हणजे ती सर्व बाहेर काढणे. प्रत्येक वाक्याला एक संकेतनाव द्यावे. आमच्याकडे पुढील स्टेशनच्या घोषणेला एक, गाडी सुटल्याच्या संदेशाला दुसरे, तिकीट नसल्याच्या सूचनेला तिसरे असे नाव आहे. नावाच्या सुरुवातीला प्लगइनचे नाव आणि त्यापुढे टिंब ठेवावे, म्हणजे दुसऱ्या प्लगइनच्या नावांशी गोंधळ होत नाही. त्यानंतर कोडमध्ये साध्या मजकुराचा कंपोनंट (ॲडव्हेंचरमधील संदेशाचा घटक) न बनवता कंपोनंट वर्गाच्या ट्रान्सलेटेबल या मेथडला हे संकेतनाव द्यावे आणि जोडीला वाक्यात भरायच्या गोष्टी द्याव्यात. असा कंपोनंट तयार होताना त्यात कोणत्याही भाषेतील शब्द नसतो. तो खेळाडूकडे निघतो, तेव्हा पेपर त्या खेळाडूच्या क्लायंटची, म्हणजे त्याच्या संगणकावरील खेळाची, भाषा पाहतो, ग्लोबलट्रान्सलेटर या ॲडव्हेंचरच्या सामाईक भाषांतरकाला विचारतो आणि मिळालेले वाक्य पाठवतो.

यातून एक नियम निघतो व तो कटाक्षाने पाळावा लागतो: मजकुराचे रूपांतर शेवटच्या क्षणापर्यंत करू नये. कंपोनंटची मध्येच साधी स्ट्रिंग केली, तर भाषा तेथेच गोठते आणि पुढे सर्वांना तीच ओळ दिसते. घोषणा सर्वांना द्यायची असेल, तर संपूर्ण सर्व्हरला एकच ट्रान्सलेटेबल कंपोनंट पाठवावा. प्रत्येकासाठी त्याचे वेगळे रूप आपोआप होते. पाटी, पुस्तक किंवा हातोहात फिरणारी वस्तू यांबाबत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांच्यावर लिहिलेले जगाच्या फाइलमध्ये साठते आणि लिहिणाऱ्याच्या भाषेतील वाक्य वाचणाऱ्याच्या वाट्याला येते.

भाषांच्या फाइली

प्रत्येक भाषेसाठी एक प्रॉपर्टीज फाइल ठेवावी. डावीकडे संकेतनाव, मग बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे वाक्य, एवढीच तिची रचना असते. मराठीचा भाषासंकेत एमआर, हिंदीचा एचआय, गुजरातीचा जीयू. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, आणि ती वाचतानाही तीच संकेतप्रणाली वापरली जाते याची खात्री करावी. जावा ९ पासून रिसोर्सबंडल हा जावाचा वर्ग या फाइली मुळातच यूटीएफ-८ धरून वाचतो. मात्र प्रॉपर्टीज वर्गाला इनपुटस्ट्रीम दिला, तर तो आजही लॅटिन-१ धरून वाचतो आणि देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग उमटते. त्यामुळे इनपुटस्ट्रीम न देता यूटीएफ-८ ठरवून दिलेला रीडर द्यावा. मराठी प्लगइनमध्ये दिसणारा ‘अक्षरे फुटली’ हा दोष बहुतेक वेळा येथूनच येतो.

फाइल वाचून झाली की ट्रान्सलेशनस्टोअर, म्हणजे भाषांतरांचा साठा, तयार करावे, त्याची मूळ भाषा ठरवावी, प्रत्येक भाषेतील सर्व नोंदी त्यात भराव्यात आणि शेवटी ते ग्लोबलट्रान्सलेटरला स्रोत म्हणून जोडावे. प्लगइन बंद होताना हा स्रोत काढून टाकण्यास विसरू नये. फाइली पुन्हा वाचण्याची सोय देणार असाल, तर जुने स्टोअर काढून नवे बनवावे, कारण एकाच भाषेत एकच संकेतनाव दुसऱ्यांदा नोंदवले तर स्टोअर अपवाद (एक्सेप्शन) फेकते. खेळाडूसाठी शोध घेताना स्टोअर आधी देशासह नेमकी भाषा पाहते, नंतर फक्त भाषा आणि शेवटी मूळ भाषा. म्हणून मराठी नोंदी देशाचा संकेत न जोडता भरणे सोयीचे पडते.

येथे रिसोर्सबंडलचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. मराठी फाइलमध्ये एखादे वाक्य राहून गेले असेल, तर तो मूळ फाइलमधील वाक्य गुपचूप पुरवतो, आणि सर्व नोंदी एकदम भरताना तेच इंग्रजी वाक्य मराठीच्या नावावर चढते. काहीच तुटत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. यासाठी मी प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो, सर्व्हर सुरू होताना तिची संकेतनावे मूळ फाइलशी ताडून पाहतो आणि राहिलेल्यांची यादी लॉगमध्ये लिहून घेतो. वाक्यातील रिकाम्या जागांची संख्या जुळते का, हेही त्याच वेळी तपासावे.

रिकाम्या जागा महिरपी कंसात क्रमांक घालून दाखवतात आणि क्रमांक शून्यापासून सुरू होतो. वाक्यरचना भाषेनुसार बदलते, म्हणून या जागांचा क्रम अनुवादकाला हवा तसा फिरवता येतो. इंग्रजी फाइल लिहिताना एकेरी अवतरणचिन्ह मात्र दोनदा लिहावे लागते, कारण रिकाम्या जागा भरणाऱ्या जावाच्या मेसेजफॉरमॅट वर्गाच्या दृष्टीने त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. ते एकदाच लिहिले, तर त्यापुढची रिकामी जागा भरलीच जात नाही. रंग आणि ठळकपणा फाइलमध्येच द्यायचा असेल, तर ॲडव्हेंचरच्या अलीकडच्या आवृत्त्यांतील मिनीमेसेजवर (मजकुरातच रंगाच्या खुणा लिहिण्याच्या पद्धतीवर) आधारित स्टोअर वापरावे. त्यात रिकाम्या जागांना क्रमांकांऐवजी नावेही देता येतात. अनुवाद करणारी व्यक्ती प्रोग्रामर नसेल, तर नावे दिलेल्या जागा तिला फार उपयोगी पडतात.

विभक्ती, लिंग आणि स्टेशनचे नाव

तांत्रिक भाग एका संध्याकाळी उभा राहतो. खरा वेळ मराठी वाक्यांना लागतो, आणि तो द्यायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

माझ्या पहिल्या आवृत्तीत स्टेशन आल्यावर दिसणारे वाक्य होते: रिकामी जागा, तिला चिकटून ‘ला’ आणि पुढे ‘पोहोचला’. दादर, परळ, मुलुंड येथे ते नीट चालले. पण इतर काही स्टेशनांवर पडद्यावर ‘कुर्लाला पोहोचला’, ‘ठाणेला पोहोचला’ असे उमटले. खेळत होती नऊ वर्षांची एक मुलगी. तिने मला येऊन दोन गोष्टी विचारल्या: ‘ठाण्याला’ का लिहिले नाही, आणि मी ‘पोहोचला’ कशी? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोहोंचे उत्तर कोडमध्ये नव्हे, वाक्यात होते.

मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. कुर्ला असेल तर कुर्ल्याला, ठाणे असेल तर ठाण्याला, पण दादर असेल तर दादरलाच. हे रूप प्लगइनला ठरवता येत नाही. म्हणून रिकाम्या जागेला विभक्तिप्रत्यय कधीही चिकटवू नये, आणि जागेतील नाव मूळ रूपातच राहील अशी वाक्यरचना शोधावी. ‘येथे’ हा शब्द या कामी येतो: ‘आपण कुर्ला येथे पोहोचलात’, ‘आपण ठाणे येथे पोहोचलात’. लोकलमधील घोषणाही अशीच बेतलेली आहे. ‘पुढील स्टेशन’ एवढे म्हणून ती थांबते आणि मग स्टेशनचे नाव त्याच्या मूळ रूपात येते. रोज कानांवर पडणाऱ्या या घोषणेत भाषांतराचा धडा आहे, हे मला इतक्या उशिरा लक्षात आले. खेळाडूच्या नावासाठी ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचा’ हे शब्द वापरावेत. नाव कोणत्याही लिपीतले असले तरी वाक्य बिघडत नाही.

लिंगाचा प्रश्नही असाच शब्दयोजनेने सुटतो. ‘तू जिंकलास’ आणि ‘तू जिंकलीस’ यांत निवड करावी लागते, पण ‘तुम्ही जिंकलात’ हे दोघांनाही चालते, आणि लहान मुलालाही त्यात मान मिळतो. तिसऱ्या व्यक्तीविषयी लिहिताना ‘आला’ किंवा ‘आली’ टाळून ‘यांनी प्रवेश केला’ असे लिहावे, कारण तेथे क्रियापद ‘प्रवेश’ या शब्दाप्रमाणे चालते आणि खेळाडू मुलगा की मुलगी हा प्रश्न उरत नाही. खेळात मरण आल्याच्या संदेशासाठी आम्ही ‘यांचा प्रवास संपला’ असे लिहिले. हिंदीत मात्र हा उपाय सरसकट लागू पडत नाही. तेथे ‘आप पहुँच गए’ आणि ‘आप पहुँच गईं’ असा भेद आदरार्थी रूपातही राहतो, म्हणून हिंदी अनुवादकाने ‘आपका स्टेशन’ असे लिहून पुढे विरामचिन्ह आणि नाव ठेवले. मराठी वाक्य शब्दशः हिंदीत नेले असते, तर दोष परत आला असता. प्रत्येक भाषेला तिचे पूर्ण वाक्य स्वतः घडवू द्यावे. वाक्याचे तुकडे कोडमध्ये जोडून ते कधीही बनवू नये.

वस्तूंची नावे भरताना तर क्रियापदही अडते: हिरा मिळाला, काठी मिळाली, लोखंड मिळाले. येथे ‘मिळालेली वस्तू’ असे लिहून पुढे नाव ठेवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

रिकाम्या जागेत काय भरतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्या स्टेशनला इंग्रजीत सायन म्हणतात, त्याचे मराठी नाव शीव आहे. पश्चिम मार्गावर वांद्रे आणि बांद्रा यांचे तसेच. जर कोडने स्टेशनचे नाव साध्या स्ट्रिंगने भरले, तर इंग्रजी वाक्यात शीव येईल किंवा मराठी वाक्यात सायन. म्हणून प्रत्येक स्टेशनलाही स्वतंत्र संकेतनाव द्यावे आणि वाक्याच्या रिकाम्या जागेत दुसरा ट्रान्सलेटेबल कंपोनंटच ठेवावा. बाहेरचे वाक्य आणि आतले नाव, दोन्ही एकाच भाषेत उलगडतात.

संख्यांसाठी मी दोन संकेतनावे ठेवतो, एक ‘एक’साठी आणि दुसरे इतर संख्यांसाठी, आणि निवड कोडमध्ये करतो. ‘१ तिकीट शिल्लक आहे’ आणि ‘५ तिकिटे शिल्लक आहेत’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात, त्यामुळे संपूर्ण वाक्यच वेगळे ठेवलेले बरे. संख्या स्वतः घडवून मजकूर म्हणून भरावी. जावाच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये अंकांचे गट एकाच मापाचे पडतात, त्यामुळे लाखाची आपली मांडणी, म्हणजे १,००,०००, त्याच्याकडून मिळत नाही. स्वल्पविराम घालणारी एक छोटी मेथड लिहावी लागते. देवनागरी अंक हवे असतील, तर तेही तेथेच बदलावेत. युनिकोडमध्ये ० ते ९ हे अंक सलग असल्याने ते एका बेरजेचे काम आहे.

खेळाडूची भाषा कोण ठरवणार?

क्लायंट आपली भाषा सर्व्हरला कळवतो आणि खेळाडूच्या लोकेल या मेथडने ती मिळते. खेळ चालू असताना खेळाडूने भाषा बदलली, तर त्याची घटना प्लगइनला ऐकता येते. १.२०.२ मध्ये जोडणीचा कॉन्फिगरेशन टप्पा आला, त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत खेळाडू आत येण्याच्या क्षणी ही माहिती पोहोचलेलीच नसे आणि अमेरिकन इंग्रजी हे मूळ मूल्य मिळे. जुन्या आवृत्तीवर काम करत असाल, तर स्वागताचा संदेश थोडा उशिरा पाठवावा.

मुंबईत मात्र अडचण वेगळीच आहे. आमच्या मुलांपैकी जवळजवळ सर्वांचा क्लायंट इंग्रजीत आहे, कारण खेळ तसाच सुरू होतो आणि ती सेटिंग कोणी उघडत नाही. क्लायंटवर विसंबलो, तर मराठी फाइल कोणालाही दिसणार नाही. म्हणून सर्व्हरवर भाषा निवडण्याची स्वतःची सोय द्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. पहिल्यांदा आलेल्या खेळाडूला चॅटमध्ये मराठी, हिंदी, गुजराती (गुजराती लिपीऐवजी देवनागरीत) आणि इंग्रजी अशी चार नावे दाखवावीत आणि प्रत्येक नावावर क्लिक केल्यास आज्ञा चालेल असे करावे. टाइप करायला लावू नये, कारण आज्ञांच्या एकशब्दी मजकुरात अवतरणचिन्हांशिवाय देवनागरी अक्षरे स्वीकारली जात नाहीत. निवडलेला भाषासंकेत खेळाडूच्या पर्सिस्टंट डेटा कंटेनरमध्ये साठवावा; तो पुढच्या वेळीही टिकतो.

अशी निवड केली की पेपरचे आपोआप होणारे रूपांतर पुरेसे राहत नाही, कारण ते क्लायंटचीच भाषा पाहते. त्यासाठी प्लगइनमध्ये संदेश पाठवणारी एकच मेथड ठेवावी. तिने साठवलेली भाषा पाहावी, ग्लोबलट्रान्सलेटरच्या रेंडर मेथडला कंपोनंट आणि ती भाषा द्यावी आणि मिळालेला परिणाम पाठवावा. निवड नसेल तर क्लायंटची भाषा घ्यावी. सर्व संदेश या एकाच दारातून गेले पाहिजेत. वरच्या बाजूला दिसणारा बॉसबार अनेकांना सामाईक असतो, म्हणून तेथे प्रत्येक भाषेचा स्वतंत्र बार बनवून खेळाडूंना त्यांच्या भाषेच्या बारवर बसवावे लागते.

खेळाच्या स्वतःच्या वस्तूंची नावे क्लायंट आपल्या भाषेत दाखवतो, त्यामुळे मराठी वाक्यात इंग्रजी वस्तुनाव दिसते. यावर उपाय आहे: ज्या वस्तू आपल्या संदेशांत येतात, त्यांची खेळातील संकेतनावे आपल्या मराठी फाइलमध्येही नोंदवावीत. ती मूळ भाषेच्या फाइलमध्ये ठेवू नयेत, म्हणजे इतर भाषांच्या खेळाडूंसाठी क्लायंटचे नावच राहील. ‘कुऱ्हाड’सारखा शब्द नोंदवताना सर्व फाइलींत तो एकाच पद्धतीने टाइप झाला आहे का, हे पाहावे. त्यातील आडवा रकार दोन वेगवेगळ्या युनिकोड क्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत.

दोन ठिकाणी भाषांतर करता येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. सर्व्हरच्या यादीत दिसणारी ओळ मागवताना क्लायंट भाषा सांगतच नाही. जोडणीच्या अगदी सुरुवातीला प्रवेश नाकारल्यास तेव्हाही भाषा ठाऊक नसते. अशा ठिकाणी लोकलप्रमाणे दोन भाषा एकाखाली एक लिहाव्यात.

शेवटी पडद्यावर पाहणे

फाइलमध्ये शुद्ध असलेले वाक्य खेळातही तसेच दिसेल, असे धरून चालू नये. आमच्या चाचणीत जोडाक्षरे सुटी पडली, हलन्त चिन्ह उघडे दिसले आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली. प्लगइनकडून हे सुधारत नाही, पण शब्दांची निवड आपल्या हातात असते. ‘प्रस्थान’ऐवजी ‘गाडी सुटली’, ‘विलंब’ऐवजी ‘उशीर’, ‘आसनस्थ व्हा’ऐवजी ‘बसून घ्या’ असे लिहिले की ओळ वाचता येते आणि ती मुलांच्या बोलण्याच्याही जवळ येते. काही शब्दांना पर्याय नाही. ‘स्टेशन’ हा त्यांतलाच. तो मुलांना तुटक दिसला तरी ओळखता येतो, म्हणून आम्ही ठेवला.

तपासणीसाठी प्रत्येक संकेतनावाचा संदेश एकामागून एक दाखवणारी आज्ञा प्लगइनमध्ये ठेवावी. रिकाम्या जागांत मुद्दाम कुर्ला, ठाणे आणि शीव ही नावे भरावीत, संख्या १ आणि ५ घ्यावी, आणि ती भाषा घरी बोलणाऱ्या मुलाला शेजारी बसवून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. मूल जेथे अडखळेल, त्या ओळीचे संकेतनाव लिहून घ्यावे आणि ती ओळ फाइलमध्ये नव्याने लिहावी.